हवामानामागचं पान

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला इव्हॉन बेंतांकुरने एक बटण दाबलं आणि जे नाहीसं व्हायला हवं होतं ते नाहीसं झालं नाही. झालं ते एवढंच. वेबसाइट बनवणाऱ्या त्या ऑफिसात कोणाच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतं. समोरच्या टेबलावर मिल्तन फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होता. हीटरच्या जाळीवर कोणी ओले हातमोजे वाळत घातले होते, त्यांचा कुबट लोकरी वास खोलीभर भरून राहिला होता. खाली जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने दाराला विटेचा तुकडा लावून ठेवला होता, तरी वाऱ्याने ते दार थोड्या थोड्या वेळाने आपटत होतं. इव्हॉन 'एल आलेरो'च्या वेबसाइटवर एक फोन नंबर बदलत होती. एल आलेरो म्हणजे वळचण. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी चालवलेली छोटी संस्था. दोन खोल्या, चार स्वयंसेविका, आणि शहरात कुठेतरी एक घर, ज्याचा पत्ता इव्हॉनलाही माहीत नव्हता. नंबर बदलून झाला, तिने तो दोनदा वाचून पाहिला, आणि मग निव्वळ हाताच्या सवयीने पानाच्या कोपऱ्यातलं नारिंगी बटण दाबलं. त्याच्यावर 'बाहेर' एवढंच लिहिलेलं असतं. दाबताक्षणी स्क्रीनवर हवामान आलं. मोन्तेविदेओ, नऊ अंश, दक्षिणेचा वारा, उद्या ढगाळ. यायला हवं तसंच. काही विचार न करता आपण सगळेच फुली दाबतो, तशी तिने ती दाबली, हवामान बंद झालं, आणि हवामानाच्या मागे ते पान जसंच्या तसं उभं होतं. फिकट निळ्यावर ठळक अक्षरांत विचारत होतं: तो तुमचा फोन तपासतो का?

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लहानपणापासून तिचं हे असंच. मन पुढे यायला कचरतं, कान आधी येतात. मग तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा हवामान, पुन्हा फुली, पुन्हा तोच प्रश्न. वरच्या पट्टीत दोन टॅब शेजारी शेजारी बसले होते, एकात सूर्यढगाचं चित्र, दुसऱ्यात वळचणीचं. ते बटण तिनेच बनवलं होतं, चार वर्षांपूर्वी. संस्थेची प्रमुख नेलिदा तेव्हा काखेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन ऑफिसात आली होती. मिल्तनने तिच्यासाठी रंगीत तक्ते तयार ठेवले होते, त्यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. इव्हॉनला म्हणाली, "पोरी, तू बस इथे, वाच. मी बाहेर जाते." ती दाराबाहेर गेली. मिनिट गेलं, दोन गेली, सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग दार धाडकन उघडून ती आत घुसली. इव्हॉनचा हात उडाला, माउस भलतीकडेच गेला. "बघ," नेलिदा शांतपणे म्हणाली, "बटण लहान आहे." असं तिने त्या दुपारी पाच वेळा केलं. पाचव्या वेळी हवामान वेळेवर आलं, तेव्हा टेबलाशी वाकून तिने मागे जायचा बाण दाबला, आणि वळचण पुन्हा हजर झाली. "हे चालायचं नाही. तो हा बाण दाबणारच. माझा नवरा दाबायचा." इव्हॉनने ते बटण असं बनवलं की हवामान नव्या टॅबमध्ये उघडायचं नाही, त्याच पानाच्या जागी येऊन बसायचं, आणि मागच्या बाणाला ते पान कधी सापडायचं नाही. घरात माणूस शिरावा आणि त्याला फक्त नऊ अंश आणि दक्षिणेचा वारा दिसावा. आयुष्यात केलेल्या कामांपैकी ह्या एका कामाचं तिला मनातून कौतुक होतं, आणि ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

सोळा दिवसांपूर्वी मिल्तन तिच्या टेबलाच्या कडेवर बसून म्हणाला होता, "काडे, आपल्या गिऱ्हाइकांच्या पानांवरून माणसं निघून जातात." तो तिला पहिल्या दिवसापासून काडीच म्हणायचा. "हॉटेलवाल्याची तक्रार आहे. पाहुणा नकाशाची लिंक दाबतो, नकाशा त्याच टॅबमध्ये उघडतो, आणि पाहुणा गेला तो गेला. बाहेरची लिंक असेल ती नव्या टॅबमध्ये उघड. आपलं पान मागे उभं राहू दे. माणूस आपल्या हातून सुटता कामा नये." काम सोपं होतं. अकरा वेबसाइटना लागू पडेल अशी एकच ओळ तिने लिहिली: लिंक बाहेर जात असेल तर नवा टॅब. हॉटेलचा नकाशा, दाताच्या डॉक्टरचं कुठलंसं प्रमाणपत्र, वाइनच्या दुकानाची बातमी, सगळं त्या ओळीखाली आलं. आणि हवामानही बाहेरचंच होतं. ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही असं नव्हतं. आता आठवू गेली तर त्या दिवशी बोटं थांबल्यासारखी वाटत होती, एक क्षण, काहीतरी राहतंय असं वाटण्याइतका. पण हे खरंच आठवत होतं की आता ती ते तिथे नेऊन ठेवत होती, हे तिला सांगता आलं नसतं. आता तिने ती ओळ आलेरोपुरती काढली, तपासलं, चार मिनिटं लागली. मग मिल्तनच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"आलेरोचं बाहेरचं बटण मोडलं होतं. सोळा दिवस. मागचं पान जात नव्हतं. त्या नव्या टॅबवाल्या ओळीने."

मिल्तनने फोन पालथा ठेवला. "दुरुस्त केलंस?"

"आत्ताच."

"मग झालं की. कोणी तक्रार केली?"

"तक्रार कोण करणार, मिल्तन?"

वाईट माणूस नव्हता तो. तिची आई आजारी पडली तेव्हा हाच तिला रातोरात तिच्या गावी, मेर्सेदेसपर्यंत, गाडीने घेऊन गेला होता, वाटेत एकही प्रश्न न विचारता. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "सांगू नकोस असं मी म्हणत नाही. पण आज सांगून काय होणार? त्या बायका घाबरतील फक्त. वर्षाखेरीला करार पुन्हा व्हायचाय. जरा शांत हो, एक-दोन दिवसांनी नीट शब्दांत लिहून पाठव. कदाचित काहीच झालं नसेल. हां? काहीच झालं नसेल."

ती जागेवर येऊन बसली आणि सोळा दिवसांची नोंद उघडली. त्या नोंदीत नाव, गाव, फोन काही नसतं. नेलिदाने नको म्हटलं होतं आणि इव्हॉनने ती मुद्दाम तशी आंधळी ठेवली होती. कुठलं पान उघडलं, किती खालपर्यंत वाचलं, 'बाहेर' केव्हा दाबलं, एवढंच. सोळा दिवसांत दोनशे बारा वेळा 'बाहेर' दाबलं गेलं होतं. दोनशे बारा वेळा कोणीतरी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला होता, आणि हवामानाच्या मागे पान तसंच राहिलं होतं. बहुतेक ठिकाणी ते नंतर काही वेळाने बंद झालेलं दिसत होतं. कोणी बंद केलं ते दिसत नव्हतं. एका ठिकाणी मात्र वेगळंच होतं. बारा दिवसांपूर्वीची संध्याकाळ. सहा वाजून बारा मिनिटांनी 'बाहेर' दाबलं गेलं. सहा त्रेपन्नला मागचं पान पुन्हा कोणीतरी वाचायला लागलं. त्याच्या आधीचं वाचन घाईचं होतं, उड्या मारत, अर्धं सोडून. आता जे कोणी वाचत होतं ते सावकाश वाचत होतं. पहिल्या पानापासून. घर सोडण्यापूर्वी. सोबत काय घ्यावं. पोलिसांकडे कसं जावं. आम्ही तुम्हाला कुठे भेटतो. एकेक पान तळापर्यंत, मधे मधे थांबत, पन्नास मिनिटं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, पण आता दुपारी, रोज एकाच वेळी. जणू कोणी अभ्यास करत होतं.

तिच्या डोळ्यांसमोर वडिलांचे हात आले. ते हात मोठे नव्हते, लोकांना वाटतं तसे नसतात ते. बारीक, स्वच्छ, नखं कापलेली. मेर्सेदेसच्या घरात टेबलाशी बसून ते संत्रं सोलत होते, सुरीने, साल अखंड एका पट्टीत उतरवत. इव्हॉन नऊ वर्षांची. घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा आणि दुकानदारीण हाक मारायची. त्या दिवशी हाक आली तेव्हा आई कपडे धूत होती, म्हणून इव्हॉन धावत गेली. पलीकडे ओल्गामावशी, पायसांदूहून. इव्हॉन निरोप घेऊन पळत घरी आली, दम लागलेला, काहीतरी महत्त्वाचं आपल्याकडे दिलं गेल्याचा आनंद तोंडभर, आणि दारातूनच ओरडली, "आई, मावशी म्हणते सहाची बस पकडा, ती स्टँडवर उभी राहील आणि दोघींची खाट तयार आहे!" आई ओल्या हातांनी दारात आली. वडिलांनी साल तुटू दिली नाही. "असं का," ते म्हणाले, "सहाची बस." आई म्हणाली, "हिला नीट ऐकू आलं नसेल." त्या संध्याकाळी ते ओरडले नाहीत, हात उचलला नाही, त्यांनी संत्र्याच्या फोडी करून तिघांच्या ताटलीत सारख्या वाटल्या आणि सगळ्यांनी त्या खाल्ल्या. सहा वाजले, साडेसहा वाजले. कोणी कुठे गेलं नाही. पुढची एकोणीस वर्षं कोणी कुठे गेलं नाही. आईने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही, फक्त वडिलांना पुरून आल्यावर, घराच्या सगळ्या खिडक्या उघडत असताना, पाठमोरी राहून म्हणाली, "पायसांदूला आता किती वेळ लागतो गं?" इव्हॉन म्हणाली, "दोन तास." आई "एवढाच?" म्हणाली, आणि पुढची खिडकी उघडायला गेली.

साडेचारला इव्हॉन कोट घालून निघाली. मिल्तनने मान वर करून पाहिलं. दीएत्सिओचो ह्या हमरस्त्याच्या रुंद फुटपाथवर माणसं खांदे वर करून चालली होती, काखेत थर्मास, चेहरे मफलरमध्ये. शाळांना हिवाळ्याची सुट्टी होती, सिनेमाच्या दारात पोरांची गर्दी होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण अंगठ्याने काहीतरी वर सरकवत होता. तिला त्या प्रत्येकाच्या अंगठ्याकडे बघावंसं वाटत होतं. हा माणूस, करड्या टोपीचा, ह्याच्या हातातला फोन त्याचाच आहे का? एरवी तिला हे लोक लोकच वाटायचे. आज ते सगळे कोणाच्या तरी घरी परत चालले होते.

आलेरोच्या आतल्या खोलीत नेलिदा एकटीच होती. चौसष्ट वर्षांची, पूर्वी दवाखान्यात परिचारिका; अजूनही मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून घालायची. इव्हॉनने उभ्यानेच सांगितलं. वाटभर जुळवलेली वाक्यं दारातच विरली होती, त्यामुळे थोडक्यात सांगून झालं. नेलिदाने ओरडायला हवं होतं. तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं, मग पुन्हा सैल केलं, मग पुन्हा घट्ट केलं.

"किती दिवस म्हणालीस?"

"सोळा."

"ह्या सोळा दिवसांत पानावरच्या चॅटवर आम्हाला लिहिणाऱ्या चार जणी गप्प झाल्या. मी म्हटलं सुट्टी आहे, पोरं घरात, माणसं घरात, कशा लिहितील." तिने चष्मा काढला. "बायकांना कळवायचं कसं आता? पानावर सूचना लावशील?"

"लावता येईल."

"आणि ती वाचणार कोण?"

इव्हॉनने मग त्या सावकाश वाचणाऱ्याचं सांगितलं. बारा दिवसांपूर्वी, सहा बारा, सहा त्रेपन्न. नेलिदाचा हात झाकणावरच थांबला. तिने वही ओढली, पानं उलटली. चॅटवर लिहिणाऱ्या बायका स्वतःला फुलांची नावं घेत. त्यांतली एक ग्लिसिना. दोन महिने लिहीत होती. तुटक, घाईत, अर्धे शब्द, कुठे पूर्णविराम नाही. "आणि बारा दिवसांपासून बाई नीट लिहायला लागली," नेलिदा म्हणाली. "मान्यवर बाईसाहेब. कृपया. आभारी आहे. मोठी मोठी वाक्यं, पूर्णविराम, सगळं जिथल्या तिथे. मला वाटलं धीर आला हिला. मीच आमच्या पोरींना म्हटलं, बघा, कशी सरळ उभी राहिली." तिने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "घराचा पत्ता विचारत होती. तीनदा विचारला. पत्ता आम्ही देत नाही, म्हणून मी भेटायची जागा दिली."

"कुठली? केव्हा?"

"त्रेस क्रूसेसला, बसच्या थांब्यावर, फुलांच्या टपरीशी. आज. सहा वाजता."

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. नेलिदा म्हणाली, "तू घरी जा." इव्हॉन म्हणाली, "नाही." नेलिदाने कोट चढवला.

थांब्यासमोरच्या बेकरीत त्या काचेशी बसल्या. नेलिदाने दोन बिस्कोचो मागवले, कोणी खाल्ले नाहीत. बाहेर अंधार उतरला होता आणि टपरीवाल्याने पिवळा दिवा लावला होता, त्याखाली बादल्यांतली फुलं मेणाची वाटत होती. पावणेसहाला करड्या कोटातला एक माणूस येऊन टपरीशी उभा राहिला. मध्यम वयाचा, नीटनेटका, हात खिशात. तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होता. इव्हॉनला त्याचे हात दिसत नव्हते आणि ते दिसावेत असं तिला इतकं वाटत होतं की तिची बोटं टेबलाच्या कडेला आवळली गेली. "तो असेल," ती म्हणाली. नेलिदा म्हणाली, "असेल. नसेलही. हे चेहऱ्यावर लिहिलेलं असतं तर माझं काम किती सोपं झालं असतं." सहाला पाच कमी असताना एक बस आली, तो माणूस तिच्यात चढून निघून गेला, आणि त्याच्या जागी एक म्हातारी बाई उभी होती. ठेंगणी, डोक्याला रुमाल, हातात निळी खेळाडूंची असते तशी पिशवी, फार जड. ती पिशवी खाली ठेवत नव्हती. ह्या हातातून त्या हातात घेत होती. दहा मिनिटं त्यांनी तिला पाहिलं. तिच्या मागे कोणी नव्हतं. मग नेलिदा उठली, रस्ता ओलांडून गेली, आणि इव्हॉन तिच्या मागे.

"कोणाची वाट बघताय, बाई?"

म्हातारीने दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ग्लिसिना मी नाही," ती म्हणाली. "मी त्याची आई."

नेलिदाने फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला टपरीच्या आडोशाला नेलं. म्हातारी भराभरा बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. कॉम्प्युटर जेवणाच्या खोलीत असतो. त्या दिवशी तो लवकर आला. सुनेने काहीतरी दाबलं आणि हवामान लावलं. "तो म्हणाला, हवामान कशाला बघतेस, कुठे निघालीस? आणि त्याने ते बंद केलं. त्याच्या मागे तुमचं ते होतं." सुनेचा उजवा हात मोडला, कोपराच्या वर. तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला, मुलाला शेजारी सोडलं. घरात ही एकटी, चुलीवर सूप, आणि जेवणाच्या खोलीत ते पान उजेड टाकत बसलेलं. "मी बंद करायला गेले. वाचायला लागले. मला चष्म्यानेही हळूहळूच वाचता येतं. तो परत आला तेव्हा म्हटलं, बंद केलं बाबा मी ते. नव्हतं केलं. विणकामाच्या पानामागे ठेवलं होतं." दुपारी तो कामावर आणि सून औषधाने झोपलेली असताना तिने लिहायला सुरुवात केली होती, सुनेच्या नावाने, कारण स्वतःच्या नावाने लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही असं तिला वाटलं. "आणि का ठेवावा? दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा न्हाणीघरात पाय घसरला म्हणून मीच सांगितलं. अकरा वर्षं मीच सांगतेय." पिशवीत यादीतलं सगळं होतं, कागदपत्रं, औषधं, मुलाच्या लशीचं कार्ड. किल्ली तो घेऊन जातो, पण तिने काल दुसरी करून घेतली होती. उद्या सकाळी नऊला तो कामावर गेला की दार उघडेल.

"ते पान बंद झालं असतं ना," म्हातारी इव्हॉनचा हात धरून म्हणाली, कारण ती जवळ होती, "तर मला कधीच काही कळलं नसतं. तसंच चाललं असतं."

इव्हॉनचं तोंड उघडलं. नेलिदाने तिला कोपराशी धरून दोन पावलं बाजूला घेतलं. "सांगायचं नाही," ती कानाशी म्हणाली. "ते ओझं तुझं आहे, पोरी. त्या बाईच्या हातात आधीच पिशवी आहे."

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ती सून आणि तिचा मुलगा नेलिदाच्या गाडीत बसले, हे इव्हॉनला नंतर कळलं. म्हातारी आली नाही. मी नसले तर तो शोधायला निघेल, असले तर आधी माझ्याशी बोलत बसेल, असं म्हणून ती घरातच राहिली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी म्हातारी बसमध्ये चढल्यावर इव्हॉन एकटी चालत ऑफिसकडे निघाली, आणि चालता चालता विणकामाच्या पानामागचं ते पान तिच्या डोक्यातून जाईना. बारा दिवस ते तिथे उभं होतं. दुपारी तिने बटण दुरुस्त केलं ते ह्यापुढे उघडणाऱ्या पानांसाठी. आधी उघडून राहिलेली पानं अजून कुठे कुठे उघडीच असणार, पोटात तेच मोडकं बटण घेऊन. ती जवळजवळ पळतच जिना चढली. साडेसात होत आले होते, ऑफिसात कोणी नव्हतं, मिल्तनने हीटर तिच्यासाठी चालू ठेवला होता. ती कोट न काढताच बसली. चॅटसाठी म्हणून प्रत्येक उघडं पान दर अर्ध्या मिनिटाला 'मी आहे' एवढं कळवतं. तिने ती यादी काढली. एकोणीस. जुनी, दुपारच्या आधीची, कुठेतरी कशाच्या तरी मागे दडलेली एकोणीस पानं. त्यांनी पुढच्या वेळी 'मी आहे' म्हटलं की त्यांना उत्तर द्यायचं: हवामान हो. ते लिहायला वीस मिनिटं लागली. पाठवणार तेवढ्यात तिला दिसलं की एकोणिसांतली एक ओळ हलतेय. बाकीची पानं निपचित होती, हे कोणीतरी वाचत होतं. सोबत काय घ्यावं, ह्या पानावर. अगदी सावकाश.

तिचे कान तापले. ती असेल तर वाचता वाचता डोळ्यांदेखत पान उडालं की घाबरेल, पुन्हा कधी येणार नाही. तो असेल तर आत्ताच्या आत्ता उडायला हवं. वाचण्याच्या वेगावरून माणूस ओळखता येत नाही हे आजच तिने पाहिलं होतं. तिने आधी बाकीच्या अठरांना पाठवलं. यादीतून एकेक ओळ गळत गेली, पाच, नऊ, चौदा, अठरा. खाली पुस्तकवाल्याचं दुकान बंद झालं होतं, दाराचा आवाज थांबला होता. उरलेली ओळ पुढे सरकत होती. कागदपत्रं. औषधं. मुलांची कार्डं, तिथे बराच वेळ थांबली. पानाच्या तळाशी फोन नंबर आहे, नवा, दुपारीच बदललेला, पण त्या जुन्या पानावर जुनाच असणार. जुनाही अजून महिनाभर लागणार होता. तेवढा वाचू दे, इव्हॉनने ठरवलं. तेवढा वाचून होऊ दे, मग.

नंबर यायला चार ओळी उरल्या असताना नोंद उमटली: 'बाहेर' दाबलं.

म्हणजे तीच होती. त्याने हे बटण कशाला दाबलं असतं. ती होती, आणि कोणीतरी आत आलं होतं, आणि तिच्यासमोर आता हवामान होतं, नऊ अंश की आठ, आणि त्याच्या मागे ते पान. इव्हॉनने उत्तर पाठवलं. आता पानाने विचारायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाच्या आत ते विचारणार होतं, ह्या क्षणी किंवा पुढच्या. ओळ जागेवर होती. उघडं. उघडं. कुठल्यातरी खोलीत कोणीतरी विचारत होतं, हवामान कशाला बघतेस, आणि कोणाचा तरी अंगठा त्या फुलीकडे चालला होता, किंवा चालला नव्हता, कोणी नुसतं पाणी प्यायला आलं होतं. इव्हॉन स्क्रीनच्या इतकी जवळ वाकली होती की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

मग ओळ गेली. यादी रिकामी झाली. पानाने विचारलं, त्याला उत्तर मिळालं आणि त्याचं हवामान झालं. किंवा तिकडे कोणाच्या तरी हातात ते सापडलं आणि त्याने वाचून, हवं ते पाहून, बंद केलं. नोंद कमीत कमी लिहिणारी होती, इव्हॉननेच ती तशी बनवली होती. तीत दोन्ही सारखंच दिसतं.